जिभेनं काढलेलं कुसळ

मुकुंदवाडीतल्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते माझ्या टेबलावर येतं आणि मी ते काचेवर पसरून बघते. आमचा मायक्रोस्कोप जुना, एकाच डोळ्यानं बघायचा. मी उजवा लावते. त्याच उजव्या डोळ्यात बुरशी झाली आणि तो डोळा जाता जाता राहिला.

हे लिहितेय ते डोळ्यात शेतारानातलं काही गेलेल्या आणि डॉक्टरांना अर्धंच सांगून घरी आलेल्या लोकांसाठी. त्यांना शहाणपण शिकवायचा मला काडीचा अधिकार नाही. अर्धं सांगणाऱ्यांत माझा नंबर पहिला. पण माझी आई कशी आहे हे चार लोकांना कळावं, असंही मनात आहे, आणि ते लपवत नाही. एकदा लपवून पाहिलं, पुरे झालं.

कातरणी

माझं माहेर लासूर स्टेशनच्या पुढचं. आम्ही धनगर. भावाची नोकरी वाळूजला, मी शहरात, पण आबांनी मेंढरं सोडली नाहीत. ते दुष्काळाचं लागोपाठचं दुसरं वर्ष होतं. गावात टँकर यायचा, आणि इकडे मुकुंदवाडीच्या मागं जिथं कालपर्यंत बाभळी होत्या तिथल्या नव्या फ्लॅटवाल्यांनाही टँकरच यायचा. मेंढरांना मात्र कोणी विचारत नव्हतं. रानात उरलं होतं ते नुसतं वाळलेलं कुसळी गवत. त्याची कुसळं लोकरीत अशी रुततात की कातडीपर्यंत जातात. आबा कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला निघणार होते, त्याआधी कातरणी उरकायची म्हणून एका रविवारी मी मदतीला गेले.

मी कोकराचे पाय धरलेले, आबांच्या हातात कातर. कोकरानं अंग झाडलं आणि लोकरीतलं एक कुसळ सरळ माझ्या डोळ्यात गेलं. मी ओरडले. डोळा उघडेना.

आई हातातलं टाकून आली. आता आईबद्दल सांगायला हवं. यमुनाबाई म्हणजे आमच्या चार-पाच गावांतलं डोळ्याचं माणूस. डोळ्यात काही गेलं की लोक तिच्याकडे येतात. ती मिठाच्या पाण्यानं चूळ भरते, समोरच्याचं डोकं छातीशी घट्ट धरते, दोन बोटांनी पापणी वर करते आणि जिभेचं टोक आत एकदाच फिरवते. मग जे निघालं ते तळहातावर घेऊन दाखवते. दाखवल्याशिवाय ती कुणाला उठू देत नाही. हे ती मेंढरांवर शिकली. कोकराच्या डोळ्यातलं कुसळ चिमट्यानं निघत नाही, ते हलतं, आणि चिमटा बुबुळाला लागतो. जीभ मऊ असते.

आणि मी कोण? माणसाच्या तोंडात काय काय नांदतं ते रोज काचेवर बघणारी बाई. मला सगळं माहीत होतं. पण आईनं डोकं धरलं आणि खरं सांगायचं तर मला ‘नको’ म्हणावंसं वाटलंच नाही. लहानपणापासून त्या जिभेवर माझा पुस्तकापेक्षा जास्त भरवसा.

“हे बग,” आई म्हणाली. तळहातावर कुसळ होतं, टोकासकट. “सबंध निघालं. मोडलं नाय.”

डोळा लगेच हलका झाला. मी संध्याकाळच्या पॅसेंजरनं मुकुंदवाडीला परत आले.

धूळ

तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. उजेड सोसेना. सतत काहीतरी खुपतंय असं वाटायचं. मी आमच्या भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते भले गृहस्थ. त्यांचे पेशंट आमच्या लॅबमध्ये येतात, त्यामुळे ओळखीचे.

“काय गेलं होतं डोळ्यात?” त्यांनी विचारलं.

“धूळ,” मी म्हणाले. “गाडीवरून येताना.”

इतकं सहज तोंडातून निघालं की माझं मलाच नवल वाटलं. पण विचार करा. बाहेर काउंटरवरची मुलगी मला ‘लॅबवाल्या मॅडम’ म्हणते. तिच्या कानावर जाईल अशा खोलीत मी सांगू, की माझ्या आईनं जिभेनं कुसळ काढलं? रोज येणाऱ्यांना मी ऐकवत असते, ‘अहो, इतके दिवस काय करत होतात? घरगुती उपाय?’ लोकांच्या डोळ्यातलं कुसळ मला बरोबर दिसायचं. माझं मुसळ मी धूळ म्हणून खपवलं.

डॉक्टरांनी धुळीला शोभतील असे थेंब दिले. त्यांचा काय दोष? पाच दिवस मी ते इमानानं घातले आणि डोळा बिघडतच गेला. आरशात बुबुळावर एक पांढरट ठिपका दिसायला लागला, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. आमच्याकडे त्याला डोळ्यात फूल पडणं म्हणतात.

सहाव्या दिवशी मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि समोर नुसतं दूध. काच पुसली. पुन्हा दूध. मग मी गुपचूप डावा डोळा लावला, रिपोर्ट पुरा केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तोपर्यंत दुखणं म्हणजे दुखणं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हा डोळा जाऊ शकतो.

ओपीडी

माझ्या नवऱ्यानं, दत्तूनं, रजा टाकली आणि मला शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. आईला कुणी बोलावलं नव्हतं. तिला भावाकडून खबर लागली आणि ती सकाळच्या गाडीनं एकटी, भाकरीचं गाठोडं घेऊन, थेट दवाखान्याच्या दारात हजर.

तपासणाऱ्या डॉक्टर बाई तरुण होत्या. समोर रांग, मागे रांग, बाकावर माणसं खेटून बसलेली. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं.

“धूळ.”

“खोटं कशापायी बोलती गं मंगल?” मागून आईचा आवाज. रानात कळपाला हाक मारायची सवय असलेला आवाज तो, सगळ्या ओपीडीनं ऐकला. “मॅडम, धूळबिळ काय नव्हतं. कुसळ व्हतं. मेंढराच्या लोकरीतलं. म्या काढलं, जिभेनं.”

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. दत्तूनं मान खाली घातली. आई मात्र ताठ उभी. तिच्या लेखी ती एका कामाची माहिती देत होती, आणि ते काम तिनं नीट केलेलं होतं.

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांचं पेन थांबलं.

“कुसळ? गवताचं? नक्की, मावशी?”

“व्हय. हातावर घेऊन बगितलं की. वाळल्या गवताचं. सबंध निघालं.”

त्यानंतर सगळं भराभर झालं. मला आत नेलं, डोळा बधिर करायचे थेंब टाकले, ठिपक्यावरून पातळ खरवड काढली आणि काचेवर घेतली. शेजारच्या खोलीतच मायक्रोस्कोप होता. मी म्हणाले, “मॅडम, मी हेच काम करते. बघू का?”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची सोडली. मी डावा डोळा लावला. आडवेतिडवे धागे, मधेमधे गाठी, फांद्या फुटलेल्या. लोकांच्या नखांच्या खरवडीत असले धागे मी शेकड्यांनी पाहिलेत, चहा पिता पिता पाहिलेत. हे माझ्या डोळ्यात वाढत होते.

“बुरशी,” मीच म्हणाले.

“बुरशी,” त्या म्हणाल्या. “गवत, कडबा, झाडाचं काही लागलं की ही शंका पहिली येते. ‘धूळ’ ऐकून मी कदाचित तुमचेच थेंब बदलून दिले असते. अजून चार दिवस गेले असते. डोळा हातचा गेला असता.”

मी मागे वळून आईकडे पाहिलं. तिला यातलं फारसं कळलं नव्हतं. ती दाराशी उभी राहून एका म्हाताऱ्याला विचारत होती, “तुमाला काय लागलं, दादा?”

मोठा काटा

मला भरती केलं. बुरशीवरचे थेंब पांढरट, दाट. बाटली हलवून घ्यायची आणि दर तासाला एक थेंब, दिवस असो की रात्र. दोन-चार दिवसांनी डोळा बधिर करून वरचा थर खरवडायचा, म्हणजे औषध आत उतरेल. ते खरवडणं दुखत नाही, पण पातं डोळ्याकडे येताना दिसतं. मी दर वेळी सिस्टरचा हात धरायचे आणि दर वेळी त्या म्हणायच्या, “धरा, पण नखं नका लावू.” एवढ्या गर्दीतही त्या मला हात द्यायच्या, हे मी विसरणार नाही.

दर तासाला थेंब, आणि आईला घड्याळ कळत नाही. पहिल्या दिवशी दत्तूनं मोबाइलमध्ये गजर लावून दिला, पण त्याला कामावर जावं लागलं आणि मोबाइल त्याच्याबरोबर गेला; माझा घरीच राहिला होता. आईनं वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, “ह्यातलं कंचं बगायचं?” मोठा काटा वर टोकाला आला की थेंब, एवढं तिनं ध्यानात ठेवलं. मग स्टुलावर बसून ती त्या काट्याकडे अशी बघत राहायची की मेंढरामागचा लांडगा तरी काय तिच्या नजरेतून सुटेल. पहिल्या पाच दिवसांत तिचा एकही थेंब चुकला नाही. सिस्टर आपसात म्हणायच्या, “सात नंबरचं टेन्शन नाही, तिथं मावशी आहेत.” ते ऐकून मी चादरीत तोंड लपवून हसायचे. डोळा जाईल की राहील हे माहीत नसतानाही आईच्या अभिमानानं छाती फुगते, हे मला तिथं कळलं.

जिना

सगळं काही गोड नव्हतं. चौथ्या दिवशी दत्तू ड्यूटी करून आला आणि जिन्याजवळ आईला म्हणाला, “मामी, आता पुन्हा कुणाच्या डोळ्याला जीभ लावू नका. माझ्या बायकोचा डोळा घालवून बसलात.”

पदर डोक्यावर ओढून आई जिन्याखाली जाऊन बसली. दुपारी जेवली नाही. मोठा काटा वर आला की तेवढी उठून यायची, थेंब टाकायची आणि परत जायची. माझ्या नजरेला नजर देईना.

मला हे शेजारच्या बाईनं सांगितलं. मी एका डोळ्यावर हात धरून जिना उतरले. दत्तू अजून खालीच घुटमळत होता.

“तुम्हाला काय म्हणायचंय ते मला म्हणा,” मी दत्तूला म्हणाले. “डोळ्यात कुसळ घातलं मेंढरानं. खोटं बोलले मी. दोन वेळा बोलले. मी शिकलेली तोंड मिटून बसले, आणि तिनं भर ओपीडीत तोंड उघडलं म्हणून अजून डोळ्याची आशा आहे. लोक हसले तेव्हा तुम्ही खाली बघत होतात. मीपण खाली बघत होते. ती नव्हती बघत.”

हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. बोलता बोलता रडू आलं आणि डोळा असा झोंबला की जिन्यातच बसले. दत्तू वाईट माणूस नाही. घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी चिडावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन आला, त्यात पिठलं-भाकरी दोघींची. “मामी, खाऊन घ्या आधी,” एवढंच म्हणाला. आईनं डबा उघडला, “मीठ कमी हाय,” म्हणाली आणि सगळं संपवलं.

थुंकीत काय असतं

त्यानंतरच्या राउंडला आईनं डॉक्टर बाईंना अडवलं. “मॅडम, खरं सांगा. माझ्या जिभेनं झालं का हे?”

डॉक्टर बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. “छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, मावशी. बुरशी बहुतेक कुसळावर बसूनच आत गेली. वाळल्या गवतावर ती असतेच. पण जीभही स्वच्छ नसते.”

आईचा चेहरा उतरला. तेव्हा त्या खाटेच्या कडेवर टेकल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. माणसाचं शरीर स्वतःच जंतू आणि बुरशी मारणारे बारीक बारीक तुकडे बनवतं. प्रथिनांच्या छोट्या साखळ्या म्हणा. त्या अश्रूंत असतात, थुंकीत असतात, कातडीत असतात. त्या बुरशीच्या अंगाला चिकटतात आणि काही तिला भोकं पाडतात. आजचे थेंब डोळ्यात खोल उतरत नाहीत, म्हणून या साखळ्यांपासून औषध बनवता येईल का, असा शोध चालू आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत त्या बुरशी मारताना दिसतात. पण ताटली वेगळी आणि डोळा वेगळा. डोळ्यात त्या लवकर तुटून जातात, आणि जास्त झाल्या तर आपल्याच पेशींना त्रास देऊ शकतात. दुकानात मिळेल असं औषध यातून अजून झालेलं नाही. कधी होईल ते सांगता येत नाही.

“म्हंजी थुंकीत औषध हाय!” आईचा चेहरा एकदम फुलला. “म्या म्हनतच व्हते!”

“आहे, मावशी. आणि त्याच थुंकीत रोगही आहे.”

आई म्हणाली, “म्हंजी कुत्रं आन् लांडगा एकाच मेंढवाड्यात.”

“अगदी तसंच,” डॉक्टर बाई म्हणाल्या. “कोण कधी जिंकेल सांगता येत नाही. म्हणून डोळ्यात जीभ घालायची नाही.”

वाचणाऱ्यांनो, हे वाक्य माझ्यासाठीही होतं आणि तुमच्यासाठीही आहे. थुंकी औषध आहे असं मी लिहिलं, असं कुठं सांगत फिरू नका.

या कामासाठी काही लोकांचे नमुने गोळा होत होते. डॉक्टर बाईंनी विचारलं, तुम्ही दोघी द्याल का, मंगलचे अश्रू आणि तुमची थुंकी? त्याचा मंगलच्या डोळ्याला आत्ता काही फायदा होणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

“माझी थुंकी?” आई म्हणाली. “घ्या की. लई हाय.”

माझ्या पापणीत कागदाची बारीक पट्टी लावली. “रड आता,” आई म्हणाली, “आज तरी कामाचं हाय.” मग तिनं साध्या पाण्यानं चूळ भरली, थोडं थांबली आणि नळीत थुंकली, अगदी गंभीरपणे. फॉर्म तिला वाचून दाखवला तो तिनं शेवटपर्यंत ऐकला, दोन ठिकाणी अडवून अर्थ विचारला, मग अंगठा दिला. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. बारा वर्षं मी लोकांच्या नळ्यांवर नंबर चिकटवतेय. त्या दिवशी एक नंबर मी पुन्हा पुन्हा वाचला.

चौथी ओळ

पंधरा-सोळा दिवसांनी घरी सोडलं. थेंब आणखी काही महिने चालले. जखम भरली, पण पुसट पांढरा डाग राहिला, बुबुळाच्या मधोमध नाही, जरा बाजूला. माझं नशीब. शेवटच्या तपासणीत डावा डोळा झाकून मी फळ्यावरची चौथी ओळ वाचली. पाचवी अंदाजानं वाचली, ती चुकली. डॉक्टर बाई म्हणाल्या, एवढं पुष्कळ आहे. लॅबमध्ये मी पुन्हा उजवाच डोळा लावते. कडेला धुकं असतं, पण मधे सगळं दिसतं.

आईनं जीभ लावणं सोडलं. हे तिला सोपं गेलं नाही. पाच गावांत तिची ओळख तेवढीच होती, आणि लोक अजून येतात. ती आता पाणी उकळून एका तांब्यात झाकून ठेवते. टँकर तीन-तीन दिवस येत नव्हता तेव्हाही तिनं तो तांब्या कुणाला हात लावू दिला नाही, आबांनासुद्धा. डोळा धुते. पाला-कुसळ गेलेलं असेल, डोळा लाल असेल, तर म्हणते, “माझ्याच्यानं होनार नाय, दवाखान्यात जा.” जी बाई कधी ‘नाय जमत’ म्हणाली नव्हती, ती हे म्हणते. कोकरांना मात्र अजून जिभेनंच. त्यावर मी बोलत नाही.

त्या शेवटच्या तपासणीच्या दिवशीच डॉक्टर बाईंनी विचारलं, शिकणाऱ्या मुलांसमोर तुमची हकीकत सांगाल का? दहा-बारा जण होते, पांढऱ्या कोटातले, हातात वह्या. आई माझ्या मागे भिंतीला टेकून उभी.

“काय गेलं होतं डोळ्यात?” एका मुलीनं विचारलं.

“कुसळ,” मी म्हणाले. “मेंढराच्या लोकरीतलं. माझ्या आईनं जिभेनं काढलं. मी सगळ्यांना धूळ सांगितलं.”

मागच्या रांगेत एक जण हसला. मला वाटलं होतं मी चिडेन. पण आवाज शांत निघाला.

“हसा,” मी म्हणाले. “पण उद्या तुमच्यासमोर माझ्यासारखीच कुणी येईल. इस्त्रीची साडी, तोंडात चार इंग्रजी शब्द. ती पण धूळच सांगेल. तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवू नका. तिच्या मागं कोण उभं आहे त्याला विचारा.”

मग तो हसलेला मुलगाच दोन पावलं पुढे आला आणि माझ्या बाजूनं मागे वाकून म्हणाला, “मावशी, डोळ्यात कुसळ गेलंय का माती, हे तुम्ही न बघता ओळखता का?”

आईनं पदर सारखा केला आणि भिंत सोडून पुढे आली. “ओळखते की,” ती म्हणाली. “माती गेली तर मानूस डोळा चोळतंय. कुसळ गेलं तर हात लावू देत नाय. पर आधी इचारायचं, रानात काय करत व्हतास? खरं सांगस्तवर इचारायचं.”

“सावकाश, मावशी,” एक मुलगी म्हणाली, “लिहून घेतोय.”

आई थांबली. सगळ्यांची पेनं थांबेपर्यंत तिनं वाट पाहिली, आणि मग पुढचं सांगितलं.